पाटापासून प्लॅस्टिकच्या खुर्चीपर्यंत

आज आपण घरातल्या सामानाबद्दल बोलणार आहोत. पाट, चौरंग, बाज, पलंग, कपाट, टेबल, खुर्ची. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, लढाया आठवतात. पण जी खुर्ची आपण रोज सकाळी फडक्याने पुसतो, तिलाही इतिहास आहे. ती कशाची बनली, आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलखात कधी आली, तिच्यावर आधी कोण बसलं आणि ती पुसायचं काम कोणाच्या वाट्याला आलं, हे सगळं त्या इतिहासात येतं.

हा विषय घ्यायचं कारण अगदी घरचं आहे. गटातून कर्ज काढून आपण कपाट घेतो. तीन पावसाळ्यांत त्याचे पाय गंजतात. मुलीच्या अभ्यासाला टेबल घेतो, त्याचे कोपरे फुगतात आणि वरचा पत्रा सुटतो. हप्ते फिटायच्या आत वस्तू मोडीत निघते, आणि बोल लागतो घरातल्या बाईला, ‘तुला निगा ठेवता येत नाही.’ दुकानदार किंमत सांगतो, हप्ता सांगतो. निगा कशी ठेवायची ते कोणी सांगत नाही.

आपल्या आज्यांना मात्र त्यांच्या सामानाची निगा पक्की ठाऊक होती. त्या काही आपल्याहून हुशार होत्या असं नाही. त्यांच्या घरात सामानच मुळी दोन-तीन जातींचं होतं: लाकूड, बांबू, काथ्या. ते शिकायला चार पिढ्यांचा वेळ मिळाला होता. आपल्या एका आयुष्यात लोखंडी पत्रा आला, प्लायवूड आलं, सनमायका आला, फोम आला, प्लॅस्टिक आलं. प्रत्येकाची रीत वेगळी. एकाला ऊन लागतं, दुसऱ्याला ऊन मारतं. म्हणून आज आपण एकेक वस्तू जशी या मुलखात आली त्या क्रमाने पाहू, आणि तिची निगाही तिथेच समजून घेऊ.

धुराने राखलेला बांबू

आपल्याकडच्या जुन्या साध्या घरात सामान जवळजवळ नव्हतंच. कुडाच्या भिंती, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर शेणमाती लिंपलेली. बसायला सारवलेली जमीन, झोपायला चटई किंवा घोंगडी. भिंतीत कोनाडा हेच कपाट, वर माळा हीच कोठी. ठाकरवाडीत, कातकरवाडीत तर आताआतापर्यंत असंच होतं. बरं चाललेल्या घरात एखादी बाज असे, काथ्याने नाहीतर सुंभाने विणलेली.

बांबूचा शत्रू म्हणजे आतून पोखरणारा भुंगेरा. बांबूच्या आत पिठूळ सत्त्व असतं, ते खायला तो येतो. सुपाखाली, टोपलीखाली पिवळट भुकटी पडलेली दिसली की समजावं, तो आत आहे. जुनी माणसं बांबू तोडला की लगेच वापरत नसत. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवत. सत्त्व पाण्यात उतरून जाई, किड्याला खायला काही उरत नसे. मग सावलीत वाळवत. हे आजही जसंच्या तसं करता येतं, आणि बुरडकामाच्या बायांना यात नवं काही सांगायला नको.

दुसरा राखणदार होता चुलीचा धूर. माळ्यावरच्या कणग्या, टोपल्या, छपराचे वासे धुराने काळे होत. त्या काजळीच्या थराने कीड लांब राही आणि पावसाळ्यातली ओलही चढत नसे. तोच धूर आपल्या आयांच्या डोळ्यांत आणि छातीतही जात होता. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघर पोचू लागला, आणि ज्या घरातला धूर गेला तिथे बाईचा श्वास मोकळा झाला. हे चांगलंच झालं. पण धूर जे काम फुकट करत होता ते आता हाताने करावं लागतं, हे कोणी सांगितलं नाही. गॅस आल्यावर माळ्यावरच्या टोपल्यांना कीड लागली, असं पुष्कळ घरांत ऐकू येतं. उपाय साधा आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बांबूचं सगळं सामान खाली काढावं, कोरड्या कुंच्याने झाडावं, दोन दिवस ऊन द्यावं, आणि कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल फडक्याने पातळ फिरवावं. बांबू रोज ओल्या फडक्याने पुसू नये.

बाजेची गोष्ट वेगळी. तिचा शत्रू ढेकूण. सांध्यात, दोरीच्या पिळात तो लपतो. बाज अंगणात उभी करून सांध्यांवर उकळतं पाणी ओतायचं आणि वैशाखाच्या उन्हात दिवसभर तापवायची, ही आज्यांची रीत. १९५३ साली देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि घराघरात डीडीटीची फवारणी झाली. सुरुवातीला डासांबरोबर ढेकूणही गेले. बायांना वाटलं, सुटलो. पण काही वर्षांत ढेकणांनी त्या औषधाला दाद देणं सोडलं आणि ते परत आले. उकळत्या पाण्याला मात्र ते अजून सरावलेले नाहीत. आज बाजेच्या जागी गादीचा दिवाण आला आहे, तरी सांधे तेच आणि उपायही तोच. फक्त प्लायवूडच्या दिवाणावर पाणी ओतू नका, त्याचं कारण पुढे येईल. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: ढेकणांसाठी रॉकेलचा बोळा फिरवायची जुनी सवय आहे, ती सोडा. बंद खोलीत, देवाच्या दिव्याजवळ, ती जिवावर बेतते.

साग सरकारचा, फणस आपला

आता लाकडाकडे येऊ. आपल्या तालुक्यांच्या डोंगरांवर साग आहे, ऐन आहे, शिसव आहे. मग जुन्या घरांतले पाट बहुतेक फणसाचे किंवा आंब्याचे का? यामागे राज्यकारभार आहे.

सागाचं लाकूड जहाजांना लागे, म्हणून राज्यकर्त्यांचं त्याच्यावर फार पूर्वीपासून लक्ष. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात, आरमारासाठी लाकूड कसं आणावं हे सांगितलं आहे. सागासारखी झाडं परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणस रयतेने लेकरांसारखे वाढवलेले असतात, त्यांना हात लावू नये, घ्यायचंच झालं तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असा त्याचा आशय आहे. साग राज्याचा आणि फणस रयतेचा, ही वाटणी तिथे दिसते.

इंग्रजांनी ती वाटणी पक्की केली, पण रयतेला राजी करायची गोष्ट गेली. रेल्वेच्या रुळांखाली लाकूड लागलं, मुंबईच्या इमारतींना लागलं, आणि १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलं ठरू लागली. त्या वेळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता, खालापूर हा त्याचाच पेटा. लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतल्या जंगलांच्या गाऱ्हाण्यांसाठी मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. पुढे १९३० साली आपल्याच जिल्ह्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. ज्या डोंगराच्या पायथ्याशी आपण राहतो तिथला साग आपल्या घरात सहज येत नव्हता. सागाचा पलंग, शिसवी देव्हारा, पितळी कड्यांचा झोपाळा असला तर तो खोताच्या, सावकाराच्या वाड्यात.

त्या झोपाळ्यावर कोण बसे? घरातले पुरुष, आलेले पाहुणे. गावच्या ओटीवरही सगळ्यांना बसता येत नसे. ज्या कुलाबा जिल्ह्यात १९२७ साली महाडला पाण्याच्या घोटासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे बसायला कोणाला काय मिळे हे वेगळं सांगायला नको. आणि घरातली सून? पितळी कड्या चिंचेने घासून लख्ख करायच्या तिने, झोपाळ्याच्या फळीला तेलाचा हात फिरवायचा तिने, आणि सासरे समोर असताना बसायचं जमिनीवर. अनेक घरांत हे असंच होतं.

पण त्या सुनेच्या हाताला लाकूड कळत होतं, ते ज्ञान आपण घेऊ. लाकूड हे मेल्यावरही श्वास घेतं असं सुतार म्हणतात. पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन ते फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. म्हणून आषाढात कपाटाचं दार अडतं आणि चैत्रात ते आपोआप सुटतं. पावसात दार अडलं म्हणून लगेच रंधा मारू नका, उन्हाळ्यात तिथे फट पडते. कर्जत-खालापूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या ओलीत लाकडी सामान भिंतीला चिकटवून ठेवलं की मागून बुरशी येते. चार बोटं जागा सोडावी. वाळवी जमिनीतून मातीची नळी करून चढते. ती नळी आठवड्यातून एकदा शोधावी आणि मोडावी, आणि पाय जमिनीपासून उचललेले ठेवावेत. मुंग्यांसाठी जाळीच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची पद्धत आहे. ती चालेल, पण ते पाणी दर आठवड्याला ओतून वाटी घासायची, नाहीतर त्यात डेंग्यूचा डास वाढतो.

फणसाचा साधा पाट, ज्याला पॉलिश नाही, तो पाण्याने धुवायला हरकत नाही. रिठ्याच्या पाण्याने घासावा, लगेच पुसावा आणि सावलीत उभा करून वाळवावा. कडक उन्हात ओला पाट ठेवला की तो वाकतो आणि तडकतो. आता तेल कोणतं? खोबरेल फिरवलं तर तेवढ्यापुरता पाट चकाकतो, पण खोबरेल वाळत नाही. त्यावर धूळ बसते आणि काळा चिकटा होतो. जवसाचं तेल लाकडात मुरून वाळतं आणि पातळ पापुद्रा धरतं. सुतार ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच, उकळलेलं. वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, पातळ हात फिरवावा आणि जास्तीचं पुसून काढावं. पण हे तेल लागलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवून मग टाका, नाहीतर मोकळं पसरून अंगणात वाळवा.

रेल्वेने आणलेली खुर्ची

१८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १८६३ साली बोरघाट चढून ती पुण्याकडे गेली. त्याआधी १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानच्या पठारावर चढला आणि मग तिथे साहेबांचे, पारशांचे, मुंबईच्या शेटजींचे बंगले उभे राहिले. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. तोवर बंगल्यांतलं सामानसुमान वर चढे ते माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून. आजही माथेरानात मोटारी नाहीत, त्यामुळे ओझी वाहणारे हात आहेतच.

या बंगल्यांतून आपल्या मुलखाने खुर्ची-टेबल जवळून पाहिलं. हात लांब असलेली आरामखुर्ची, वेताच्या जाळीची बैठक, आरशासारखं चकाकणारं टेबल. पायथ्याच्या गावांतली माणसं तिथे कामाला जात. ती निगा शिकली आणि ते ज्ञान खाली घेऊन आली.

वेताची बैठक वापरून खाली झोळते. ती टाकून देऊ नका. खुर्ची उलटी करा, जाळीला खालच्या बाजूने कोमट पाणी चांगलं मुरवा, आणि वाऱ्यावर वाळू द्या. वाळताना वेत आक्रसतो आणि जाळी पुन्हा ताठ होते. मात्र वेत तुटला असेल तर विणूनच घ्यावा लागतो. अंधांच्या शाळांमधून वेतकाम शिकवलं जात असे, आणि कचेऱ्यांतल्या कितीतरी खुर्च्या अंध कारागिरांनी बोटांच्या जाणिवेने विणलेल्या आहेत.

टेबलाची चकाकी लाखेची. पळसासारख्या झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर धरतात, त्यापासून चपडी होते. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पुन्हा पुन्हा फिरवली की पॉलिश होतं. हे एकदा ध्यानात आलं की निगा आपोआप कळते. गरम पातेलं ठेवलं की लाख मऊ होते आणि पांढरा डाग पडतो. ओला पेला ठेवला तरी गोल डाग पडतो. आणि स्पिरिट लागलं की लाख विरघळते. २०२० साली करोनाच्या भीतीने आपण सगळ्यांनी सॅनिटायझरने घर पुसून काढलं. त्यात स्पिरिटच असतं. ज्या टेबलांनी साठ पावसाळे सोसले होते, त्यांचं पॉलिश त्या वर्षात खरवडलं गेलं. पॉलिशच्या लाकडाला मऊ कोरडं फडकं पुरे. फार मळलं तर फडकं ओलं करून घट्ट पिळून पुसावं आणि लगेच कोरडं करावं.

पत्र्याचं कपाट आणि त्याची किल्ली

मुंबईत १८९७ साली गोदरेज बंधूंनी कुलुपांचा धंदा सुरू केला. पुढे तिजोऱ्या, आणि १९२३ साली पोलादी कपाट. ते इतकं रुजलं की आज कोणत्याही कारखान्याच्या पत्र्याच्या कपाटाला आपण ‘गोदरेजचं कपाट’ म्हणतो. खोपोलीच्या परिसरातही पुढे पोलादी पत्रे आणि पाइप बनवणारे कारखाने उभे राहिले. आपल्या घरांतली माणसं तिथे कामाला लागली, आणि पगाराच्या पैशातून कपाट घरात आलं. बरंचसं मात्र आलं ते लग्नात, मुलीबरोबर.

लाकडाच्या पेटाऱ्यात उंदीर शिरत, वाळवी शिरे. पत्र्याला दोन्हींची भीती नाही. मग लाकडासारखं तेलपाणी कशाला, असं वाटलं आणि निगा सुटली. पत्र्याचा शत्रू एकच, गंज, आणि तो पायांपासून सुरू होतो. कारण आपण फरशीवर बादलीभर पाणी ओतून घर धुतो आणि पाणी कपाटाखाली साचतं. म्हणून पायांखाली प्लॅस्टिकच्या किंवा रबराच्या चकत्या घालाव्यात. कपाट भिंतीपासून सोडून ठेवावं. पावसाळ्यात कोरड्या दिवशी दारं तासभर उघडी टाकावीत. ओलसर साडी आत ठेवू नये. रंगाचा टवका उडाला की तिथून गंज पसरतो, त्यामुळे तो लहान असतानाच पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, वर ऑइल पेंट मारावा. हे काम आपण बाया दुपारच्या वेळात करू शकतो, त्याला मिस्त्री लागत नाही. कुलूप जड झालं तर तेल ओतू नका, त्यात धूळ बसते. पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला लावून चार वेळा फिरवा.

किल्लीवरून आणखी एक बोलायला हवं. लग्नात मुलीला दिलेलं कपाट, भांडी, दागिने हे तिचं स्त्रीधन. ते सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केलं. त्याच वर्षी लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवण्याचा नियम आला. हुंडा मागणं हा गुन्हाच आहे, पण आईवडिलांनी न मागता दिलेल्या वस्तूंची यादी सहीनिशी करून ठेवणं हा मुलीचा आधार आहे. कपाट पुसणारी बाई त्याची मालकही असू शकते, हे कपाट आल्यानंतर कित्येक वर्षांनी तिला कळलं.

प्लायवूड: दिसतं लाकूड, वागतं पुठ्ठा

पूर्वी सुतार सांधे जोडायला सरस वापरत. जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला, शेगडीवर उकळायचा, वासाने घर भरायचं. १९५९ साली फेविकॉल आला आणि सरसाचं भांडं गेलं. मोठं लाकूड महाग झालं, जंगलतोडीवर बंधनं आली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जंगलातल्या तोडीला मोठा चाप लावला. मग लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून केलेलं प्लायवूड, आणि भुसा दाबून केलेले बोर्ड घरोघर आले. हे पापुद्रे धरून ठेवणाऱ्या डिंकात फॉर्माल्डिहाइड नावाचं रसायन असतं. आपल्या पाताळगंगेच्या काठी रसायनीला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात ते तयार होत असे.

इथे सर्वांत जास्त फसगत होते, कारण वरून ते सागासारखं दिसतं. सागाचं टेबल भिजलं तर सावलीत वाळवून पुन्हा उभं करता येतं. भुशाच्या बोर्डाची कड एकदा भिजली की भाकरीसारखी फुगते आणि कधीच बसत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हासचं पाणी घरांत शिरलं, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडातली छपरं उडवली, तेव्हा हा फरक पुष्कळ घरांनी पाहिला.

म्हणून विकत घेतानाच विचारा. प्लायवूडवर शिक्का असतो. ३०३ हा आकडा म्हणजे साध्या वापराचं, ७१० म्हणजे मरीन, पाणी सोसणारं. मोरीजवळ, ओट्याखाली साधं प्लायवूड लावू नका. कडांना पट्टी लावलेली आहे का ते बोट फिरवून पाहा, कारण पाणी शिरतं ते कडेने. सनमायका पुसायला सोपा आहे, पिळलेलं फडकं आणि साबणाचा थेंब पुरे. पण तारेची घासणी नको, आणि फडक्यातून पाणी ओघळू देऊ नका. वरून कितीही चकचकीत असला तरी आतला बोर्ड पाणी पितोच. दिवाणाला ढेकूण झाले तर गादी-उशा उन्हात टाका, सांध्यांत गरम वाफ किंवा योग्य औषध वापरा, उकळतं पाणी ओतू नका.

सगळ्यांना बसवणारी खुर्ची

शेवटची पाहुणी म्हणजे प्लॅस्टिकची खुर्ची. ती ज्या प्लॅस्टिकची बनते त्याला पॉलिप्रॉपिलीन म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात नागोठण्याला १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या कारखान्यात त्याचे दाणे तयार होऊ लागले. साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक भरलं की खुर्ची एकाच घडणीत तयार, ना सांधा ना खिळा. हलकी, स्वस्त, एका हाताने उचलता येणारी. ढेकणाला लपायला जागा नाही, वाळवीला खायला काही नाही.

पण हिला ऊन मारतं. बाजेला जे ऊन औषध, तेच प्लॅस्टिकला विष. सतत उन्हात राहिली की खुर्चीवर पांढरट पूड सुटते, रंग उडतो आणि ती ठिसूळ होते. मग कोणी जड माणूस बसलं की पाय मोडतो, आणि म्हातारं माणूस पडलं तर खुब्याचं हाड जातं. अंगणातल्या खुर्च्या सावलीत ठेवा. पायाजवळ पांढरी चीर दिसली की ती खुर्ची बसायला वापरू नका. साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने धुवा. खरखरीत घासणीने चरे पडतात आणि त्यात मळ कायमचा बसतो. पावसाळ्यातल्या काळ्या बुरशीला ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी चालतं, मात्र त्यात संडास धुवायचं अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून जो वायू सुटतो तो छाती भाजून काढतो.

या खुर्चीला कोणी देखणी म्हणत नाही. तरी आमच्या मनात तिला मान आहे. झोपाळा एक होता, म्हणून त्यावर कोणी बसायचं हे ठरलेलं होतं. आरामखुर्ची एक होती, ती साहेबाची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मंडपात पन्नास मांडल्या की त्यावर कोणाची जात आणि कोणाचं नातं लिहिलेलं नसतं. १९९३ पासून घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत किमान एक तृतीयांश जागा बायांसाठी राखल्या गेल्या, आणि महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. ज्या गावात सुना ओटीवर बसत नव्हत्या, तिथे बाई सरपंच म्हणून खुर्चीवर बसली. काही ठिकाणी खुर्ची तिची आणि सही नवऱ्याची, असंही चालतं. तो गंजही लहान असतानाच घासून काढायला हवा.

घरी गेल्यावर

मैत्रिणींनो, एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. एकच सवय लावून घ्या. पुसायच्या आधी विचारा, ही वस्तू कशाची आहे? बांबू आणि बाज असेल तर ऊन. पाट असेल तर पाणी चालेल पण सावलीत वाळवणं. पॉलिशचं लाकूड असेल तर कोरडं फडकं आणि स्पिरिट दूर. पत्रा असेल तर पाय कोरडे. प्लायवूड असेल तर कडा कोरड्या. प्लॅस्टिक असेल तर सावली.

मृगाच्या आधी एक दिवस आणि दिवाळीच्या आधी एक दिवस, असे वर्षातले दोन दिवस सामानाच्या तपासणीला ठेवा. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कामाला लावा, मुलग्यांनाही. कपाट सरकवायला दोन माणसं लागतात आणि बाजेवर उकळतं पाणी ओतताना लहान मुलं लांब ठेवायला तिसरं लागतं. गटाच्या बैठकीत वस्तूसाठी कर्ज मंजूर करताना हप्त्याबरोबर तिच्या निगेचंही बोला. ज्या बाईकडे तशी वस्तू आधीपासून आहे, तिला उभं करून विचारा, पावसाळ्यात काय होतं. तिचं सांगणं दुकानदारापेक्षा खरं असेल.

आणि सगळं पुसून झालं, की त्याच खुर्चीवर थोडा वेळ बसा. घरात कोणी आलं तरी उठू नका.